भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही

परवा घर बदललं. बारा वर्षांतलं पाचवं. ठाण्यात अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर राहणाऱ्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. सामान बांधताना एका खोक्याच्या तळाशी माझी 'बफी' सापडली. म्हणजे 'बफी द व्हँपायर स्लेअर' या मालिकेवर निघालेल्या कादंबऱ्या, अकरा नग. पानं पिवळी पडलेली, मुखपृष्ठावर नटनट्यांचे फोटो. पॅकिंगवाल्या मुलानं विचारलं, "मॅडम, ही रद्दीत ना?" ते खोकं मी स्वतः उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं.

व्हँपायर, म्हणजे रक्त पिणारी पिशाच्चं, मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची ही अमेरिकी मालिका १९९७ ते २००३ चालली. सात सीझन, १४४ भाग. घंटाळीच्या जुन्या घरात रात्री आवाज बारीक करून मी ती केबलवर बघायचे. भाग चुकला की चुकला, पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नाही. पुस्तकांचा नाद त्यातूनच लागला. हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं विकणाऱ्यांकडे ती मिळायची, आतल्या पानावर पेन्सिलीनं किंमत लिहिलेली. मी चाळीसवरून तीसवर आणायचे आणि स्वतःला फार हुशार समजायचे.

माझी एक मैत्रीण इंग्रजी शिकवते. तिच्या मते मालिकेवरून कादंबरी काढणं म्हणजे चिपाड पुन्हा चरकात घालणं. तिचं अगदीच चूक नाही. यातली निम्मी पुस्तकं खरंच टाकाऊ आहेत. गावात नवा राक्षस येतो, लायब्ररीत जाडजूड ग्रंथ उघडले जातात, स्मशानात मारामारी होते, दुसऱ्या दिवशी सगळे कॉलेजला. पण उरलेल्या निम्म्यांबद्दल मला भांडायचं आहे, आणि भाडेकरू म्हणूनच भांडायचं आहे.

कारण हे लेखक भाडेकरूच. घर मालिकेचं. कोणाला मारायचं नाही, कोणाचं लग्न लावायचं नाही, ज्याचं प्रेम तुटलंय त्याचं जुळवायचं नाही. आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा आणि शेवटच्या पानावर सगळं होतं तसं मालकाच्या ताब्यात द्यायचं. भिंतीला एक खिळा ठोकायची सोय नाही. आता अशा घरात राहून घर आपलं कसं वाटवायचं, ही कला आम्हाला येते. तशी ती क्रिस्टोफर गोल्डन या लेखकालाही येते.

त्याची 'द लॉस्ट स्लेअर' ही कादंबरी २००१ मध्ये चार छोट्या भागांत निघाली. कॉलेजातली बफी अचानक पाच वर्षं पुढे जाते. आपल्याच पण मोठ्या झालेल्या शरीरात, एका कोठडीत. गाव व्हँपायरांच्या ताब्यात आणि त्यांचा राजा कोण, तर तिचा गुरू जाइल्स. (सांगून टाकलं, पण पंचवीस वर्षं झाली, आता तक्रार करू नका.) मालिकेत हे करायची कोणाची छाती झाली नसती. इथे गोल्डननं भिंती पाडल्या, फरशी उखडली आणि मालक यायच्या आत रंगसफेदी करून किल्ली परत दिली. काळच मागे फिरवला, म्हणजे घडलेलं घडलंच नाही. ही पळवाट आहे हे मलाही कळतं. तरी वाचताना पोटात गोळा आला होता, तो काही खोटा नव्हता.

दुसरी युक्ती म्हणजे मालक ज्या खोलीत फिरकतच नाही, ती वापरायची. स्पाइक आणि ड्रुसिला ही व्हँपायर जोडी घ्यायची आणि थेट १९४० सालात जायचं. बफीचा जन्मही झालेला नाही, तेव्हा मालिकेला धक्का लागायचा प्रश्नच नाही. त्या पुस्तकात गोल्डन मोकळा सुटलाय.

आणि आवाज! पुस्तकात नुसतं 'जाइल्स चष्मा पुसू लागला' एवढं वाक्य येतं आणि मला मालिकेत जाइल्स झालेल्या अँथनी हेडचा चेहरा, ती अवघडलेली शांतता, सगळं दिसतं. ते सामान मी घरून आणलेलं असतं. मैत्रिणीला ही फुकटेगिरी वाटते.

व्हँपायरला घरात राहणाऱ्यानं बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, हा त्या मालिकेतला नियम. आमच्या नौपाड्यात तो एक संध्याकाळ टिकला नसता. "अहो, दारात काय उभे राहिलात, आत या, चहा टाकते," म्हणून आईनंच घात केला असता.

उलटा प्रकार बघायचा तर 'द व्हँपायर डायरीज'. इथे कादंबऱ्या आधी, १९९१ पासूनच्या, आणि मालिका २००९ ला. एल. जे. स्मिथ या लेखिकेनं त्या लिहिल्या, पण कंत्राटावर. घर तिनं बांधलं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. मालिका गाजल्यावर तिलाच बाजूला काढलं आणि पुढची पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिली. २०१४ मध्ये तिनं आपल्याच पात्रांची पुढची गोष्ट 'फॅन फिक्शन', म्हणजे चाहत्यानं लिहिलेली गोष्ट, म्हणून ऑनलाइन विकली. स्वतःच्या घरात पोटभाडेकरू! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऐरोलीला उतरायचं राहून गेलं होतं.

तर खोकं. 'लॉस्ट स्लेअर'चा तिसरा भाग माझ्याकडे नाही. एका जुलैत ऑनलाइन मागवला, कुरियरवाल्यानं तो पंपरूमच्या बाहेर ठेवला आणि रात्रभर पाऊस. सकाळी हातात लगदा आला. विक्रेत्यानं "डिलिव्हर्ड" म्हणून हात झटकले. तेव्हापासून माझी गोष्ट दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारते.

हल्ली रात्री ओटा आवरताना आईला ही गोष्ट सांगते, तिची मालिका संपल्यावर. दुसऱ्या भागापर्यंत आलोय. आधी "कसलं गं ते रक्तबिक्त" म्हणत होती. काल ताट पुसता पुसता थांबली.

"तो चष्मेवाला मास्तर व्हँपायर झाल्यावर चष्मा लावतो का गं?"

मी खोकं उघडलं. चौथा भाग चाळला, दुसरा चाळला. मिळेना.

"तिसऱ्यात असेल," मी म्हटलं.

"मग मागव की," आई म्हणाली. "आणि या वेळी पत्ता समोरच्या काकूंचा दे."