अरबीत एमए, पण पेशंटशी बोलायचं कसं?

अरबीत फर्स्ट क्लास एमए केलेली मुलं मुंबईतल्या हॉस्पिटलांत इंटरप्रिटरच्या कामाला येतात आणि पहिल्याच दिवशी गप्प होतात. मी याच धंद्यात आहे, त्यामुळे हे वर्षानुवर्षं बघतेय. मुलं हुशार असतात. मुतनब्बीसारख्या जुन्या अरबी कवीच्या ओळी पाठ, क्रियापदाची १४ रूपं झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा म्हणतील. पण ओमानहून आलेली बाई 'बत्नी यिअव्विर्नी' म्हणाली की तिचं पोट दुखतंय हे काही त्यांना कळत नाही, कारण पुस्तकात 'युअलिमुनी' होतं.

मी याचा दोष मुलांना देणार नाही, अभ्यासक्रमाला देईन.

अरबी एक नाही हे आपल्या विद्यापीठांत सगळ्यांना माहीत असतं, फक्त ते शिकवण्यात उतरत नाही. पुस्तकं, बातम्या, भाषणं फुस्हामध्ये, म्हणजे प्रमाण अरबीत. घर, बाजार, दवाखाना आम्मियामध्ये, म्हणजे बोलीत, आणि ती देशागणिक वेगळी. फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली या दुहेरीपणावर लेख लिहिला, त्यात अरबी हे ठळक उदाहरण होतं. आपल्याला वाटतं, प्रमाण मराठी आणि मालवणीसारखंच असेल. तसं नाही. प्रमाण मराठी काही घरांत तरी बोलली जाते, फुस्हा ही कुठल्याच अरब मुलाची घरची बोली नसते, तोही ती शाळेतच शिकतो. त्यात आपली मुलं नगीब महफूज वाचतात. नोबेल मिळवलेला (१९८८) हा कैरोचा लेखक पात्रांचे संवादसुद्धा फुस्हात लिहायचा. ते वाचून कैरोतली माणसं अशीच बोलतात असं कोणाला वाटलं तर नवल काय!

पहिल्या तासाला सर दटावतात, 'क़ल्ब म्हणजे हृदय, कल्ब म्हणजे कुत्रा, सांभाळून!' बरोबरच आहे. पण कार्डिओलॉजीत बगदादचा पेशंट 'गलुब' म्हणतो आणि कैरोचा 'अल्ब'. हे सरांनी कधी सांगितलेलंच नसतं.

दुसरीकडे आपला रत्नागिरीचा ड्रायव्हर, अर्धं आयुष्य कुवेतमध्ये काढून आलेला. त्याचं 'अना माफी मालूम' (मला माहीत नाही) व्याकरणाच्या बाईंनी ऐकलं तर चक्कर येईल. पण पेशंटचं आणि त्याचं पाच मिनिटांत जमतं. अडतं ते दूतावासाचं पत्र किंवा संमतिपत्र वाचायची वेळ आली की. म्हणून फुस्हा काढून टाका असं मी म्हणत नाहीये. दोन्ही एकत्र शिकवा, पहिल्या सेमिस्टरपासून. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात नव्वदच्या दशकापासून असंच चालतं: वाचन-लेखन फुस्हात, बोलणं एका बोलीत, एकाच वर्गात.

बोली कोणती, यावर आपल्याकडे वाद घालत बसतात आणि त्या नादात एकही शिकवत नाहीत. मुंबई-पुण्यात मी डोळे झाकून आखाती म्हणेन. पेशंटही तिकडचे, नोकऱ्याही तिकडच्या. इजिप्शियन बोली सिनेमातून कानावर पडत राहील. एक बोली पक्की बसली की बाकीच्या ओळखू यायला लागतात.

आणि बोलणं म्हणजे नुसते शब्द नाहीत. आजारी माणसाला 'सलामतक' (बरे व्हा) म्हणायचं, तो 'अल्लाह यिसल्लमक' (अल्लाह तुम्हाला सुखरूप ठेवो) म्हणणार. सत्तरीच्या माणसाला पासपोर्टवरच्या नावाने 'मिस्टर सालेम' अशी हाक मारलीत तर तो तुमच्याकडे बघेल, पण थोरल्या मुलाच्या नावाने 'अबू मोहम्मद', म्हणजे मोहम्मदचे वडील, म्हटलंत की खुलेल. तब्येत, घरदार, प्रवास यांची विचारपूस न करता थेट 'कुठे दुखतंय?' विचारणं तिकडे उद्धटपणा वाटू शकतो. हे एकाही पेपरला नसतं.

वर्गात काय करायचं? मी पाहुणी म्हणून तास घेते तेव्हा दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाच्या कार्डावर डॉक्टरच्या वेळा, दुसऱ्याच्या कार्डावर मस्कतच्या परतीचं विमान. फोनवर बोलतोय असं समजून अपॉइंटमेंट ठरवायची, कार्ड दाखवायचं नाही, तोंड बघायचं नाही. आकडे मराठी मुलांना पटकन जमतात, कारण 'खम्सा व इश्रीन' म्हणजे पाच आणि वीस, थेट आपल्या पंचवीससारखं. लिहिलेले आकडे मात्र दगा देतात: अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. औषधाच्या डोसमध्ये ही गफलत परवडणारी नाही, म्हणून तेही कार्डावर असतं.

मुलं बोलत असताना मी मध्ये टोकत नाही. शब्दाच्या शेवटच्या उन्-अन्-इन् या विभक्तीच्या प्रत्ययांवरून दर वाक्याला अडवलं की पोरगं पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. रोजच्या बोलण्यात ते शेवट अरबही गाळतात! उलट ते शेवट जपून बोलणारा मुलगा पेशंटला बातम्या वाचल्यासारखा वाटतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या हिशोबाने इंग्रजी भाषकाला कामापुरती अरबी यायला २२०० तास लागतात. आपल्या एमएच्या दोन वर्षांत त्याच्या निम्मेही भरत नसतील, आणि त्यातले बरेचसे अरबीविषयी उर्दूत किंवा इंग्रजीत ऐकण्यात जातात. तोंडी परीक्षेत तरी अरबीतून प्रश्न विचारा! आणि तिला वीसऐवजी पन्नास मार्क द्या, मग बघा वर्ग कसा बोलायला लागतो.

'आमच्या प्राध्यापकांनाच बोली येत नाही,' हे उत्तर मला नेहमी मिळतं. प्रामाणिक उत्तर आहे, पण पुण्यात येमेनी, इराकी, सुदानी विद्यार्थी भरपूर आहेत. (येमेनी आणि इराकी बोली आखातीच्या शेजारच्या, कान तयार करायला उत्तम.) आपली अरबीची मुलं त्यांच्याशी कँटीनमध्ये इंग्रजीत बोलतात! त्या परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्याचे चार तास मानधन देऊन वर्गात बसवा. त्यांनाही खोली भाड्याने घेताना, रिक्षावाल्याशी बोलताना मराठी-हिंदी लागतेच, ती आपल्या मुलांनी शिकवावी. यासाठी नवीन पद नको, इमारत नको, विभागप्रमुखाचं एक पत्र पुरे.