एकच नाव सांगा, मॅडम

महाराष्ट्रभरच्या म्युच्युअल फंड वितरकांना संशोधन पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका ऑफिसात मी बसते. वितरक म्हणजे गावोगावी लोकांच्या एसआयपी, म्हणजे फंडातले दरमहाचे हप्ते, चालू करून देणारी मंडळी. बाजार नियामक सेबीने 2020 मध्ये त्यांना स्वतःला 'फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर' म्हणवून घ्यायला बंदी केली. पाट्या बदलल्या, व्हिजिटिंग कार्डं बदलली, पण क्लायंट सल्ला मागायचे काही थांबले नाहीत. मग तो सल्ला वितरक माझ्याकडे मागतात. मी अठरा पानी रिपोर्ट पाठवते. पाचव्या मिनिटाला फोन येतो, "वाचला मॅडम, छानच झालाय. आता एकच नाव सांगा."

त्या अठरा पानांसाठी काय काय निस्तरावं लागतं ते त्यांना कुठून कळणार? महिना संपला की दहा दिवसांच्या आत प्रत्येक फंड हाऊसने आपापल्या योजनांत कुठले शेअर आहेत ते जाहीर करायचं असतं. करतातही बिचारे. पण एकाच्या एक्सेलमध्ये कंपनीपुढे 'लिमिटेड', दुसऱ्याच्यात 'लि.', तिसऱ्याने हौसेने सेल मर्ज केलेले, चौथ्याने वरच्या पाच ओळी मोकळ्या सोडून सहावीत लोगो डकवलेला. हे सगळं एका मापात आणल्यावर कुठे कळतं की कुठल्या दोन फंडांच्या पोटात एकच माल आहे. मध्यंतरी जळगावच्या एका भाऊंनी क्लायंटची यादी पाठवली. चौदा फंड. "डायव्हर्सिफिकेशन बघा, मॅडम! पैसे किती ठिकाणी विखरलेत!" बघितलं. चौदापैकी अकरांत पहिल्या नंबरावर एकच बँक. तसं त्यांना सांगितलं, तर खूश होऊन म्हणाले, "म्हणजे बँक एक नंबर असणार!"

लार्ज, मिड, स्मॉलचा घोळ वेगळाच. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या लार्ज, 101 ते 250 मिड, 251 पासून पुढे स्मॉल. ही यादी दर सहा महिन्यांनी नव्याने लागते, शाळेतल्या तुकड्यांसारखी. मग 248 वरची कंपनी घसरून 255 वर गेली, की नगरच्या काकांचा काळजीने फोन येतो, "नापास झाली का हो ती? फंड काढून टाकू?"

अधूनमधून फंड मॅनेजरांशी बोलायचीही संधी मिळते. संधी हा आमच्या साहेबांचा शब्द. प्रत्येक मॅनेजर सांगतो, "आम्ही दर्जेदार कंपन्या वाजवी भावात घेतो." 'आम्ही भिकार कंपन्या चढ्या भावाने घेतो' असं अजून कोणी कबूल केलेलं नाही. आकडे बघता काहींनी करायला हरकत नव्हती. फंड वर गेला तर ती त्यांची निवड असते, खाली आला तर तो जागतिक घडामोडींचा परिणाम. मी माना डोलावते आणि पाच-पाच वर्षांचे रोलिंग रिटर्न, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी पैसे घालून पाच वर्षं ठेवले असते तर दर वेळी किती परतावा मिळाला असता ते, काढायला घेते. ते पान रिपोर्टमध्ये नवव्या क्रमांकावर येतं आणि मला वाटतं तिथवर आजतागायत कोणीही पोचलेलं नाही. मागच्या वर्षी पहिला कोण आला, एवढं पहिल्या पानावर दिसलं की लोकांचं काम होतं.

खरा कस लागतो तो एनएफओच्या, म्हणजे नव्या योजनेच्या पहिल्या विक्रीच्या, दिवसांत. नवी योजना युनिटमागे दहा रुपयांना येते. सांगलीचे अण्णा या धंद्यात माझ्या जन्माआधीपासून आहेत.

"मॅडम, दहा रुपयांनी मिळतोय. जुना 240 ला आहे."

"अण्णा, दोन्हींत दहा-दहा हजार टाकले आणि दोन्ही दहा टक्के वाढले, तर दोन्हीकडे अकराच हजार होणार."

"बरोबर आहे की."

"मग एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दहा असो नाहीतर 240, फरक काय पडला?"

"काहीच नाही."

मला वाटलं, जिंकले. थोडा वेळ शांतता.

"पण इकडं युनिट हजार येत्यात, मॅडम. तिकडं एक्केचाळीस. क्लायंटला स्टेटमेंट दाखवायला बरं पडतं."

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नव्या फंडाला इतिहास नाही, जुन्याला बारा वर्षांचा आहे, पडत्या बाजारात तो किती पडला आणि किती दिवसांत सावरला तेही सांगितलं. अण्णांनी सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि संध्याकाळी सात क्लायंटचे फॉर्म भरले. क्लायंटना सांगितलं, "पुण्याच्या रिसर्चवाल्या मॅडमशी सविस्तर बोलणं झालंय."

बोलणं झालं होतं, हे खरंच.

पुढे बाजार घसरला. फोनवर अण्णांचं नाव दिसलं तशी मी खुर्चीत सावरून बसले. आता सात क्लायंटच्या वतीने ऐकून घ्यायचं, अशी मनाची तयारी केली.

"मॅडम," अण्णांच्या आवाजात उत्साह मावत नव्हता, "तो दहावाला आता नऊ-वीसला मिळतोय. अजून स्वस्त झालाय. घालू का सगळ्यांचे आणखी?"