वेळेत काढले म्हणून ते पैसे आपले होत नाहीत

मराठवाड्यात एखादी गुंतवणूक योजना बुडाली की थोड्याच दिवसांत एक संदेश मोबाईलवर फिरू लागतो. सध्या तो पुन्हा आलाय: "ज्यांनी वेळेत पैसे काढले त्यांच्याकडं बोट दाखवू नका. त्यांनी जोखीम घेतली, नफा कमावला, त्यावर कर भरला. फसवणूक त्यांना माहीत नव्हती. बुडवलं कंपनीनं, वसुली कंपनीकडून करा." माझं म्हणणं उलट आहे: मोठा परतावा घेतलेल्यांनी मुद्दल ठेवून वरची रक्कम बुडालेल्या ठेवीदारांना परत करावी.

आधी 'नफा कमावला' हे बघू. नफ्याला धंदा लागतो. इथं धंदाच नव्हता. नव्या ठेवीदाराची रक्कम जुन्याला परतावा म्हणून जात होती. समजा, एका गुत्तेदारानं ५० लाख टाकले आणि ८० लाख उचलले. वरचे ३० लाख कुणाचे? बिडकीन-पैठण भागात 'तीस-तीस' या बुडालेल्या योजनेत शेतकऱ्यांनी डीएमआयसी (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा) आणि समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मावेजा टाकला होता. जमीन गेली ती गेलीच, मावेजा पुन्हा मिळत नाही. त्या मावेज्यातून कुणाला परतावा मिळाला असेल, तर त्याला कमाई कसं म्हणायचं?

'माहीत नव्हतं.' बहुतेकांना नसेलही. म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल करा असं मी म्हणत नाही. पण शिक्षा वेगळी आणि परतफेड वेगळी. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड मॅडॉफची अशीच योजना डिसेंबर २००८ मध्ये कोसळली, तेव्हा वसुलीसाठी नेमलेले विश्वस्त आयर्विंग पिकार्ड यांनी साधा हिशेब मांडला: किती टाकले, किती काढले. कागदावरचा नफा शून्य धरला. २०११ मध्ये अपील न्यायालयानं ही पद्धत उचलून धरली. जेफ्री पिकॉवर या एकाच बड्या गुंतवणूकदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या इस्टेटीनं ७.२ अब्ज डॉलर परत करायचं मान्य केलं. मेट्स या बेसबॉल संघाच्या मालकांनी जाणूनबुजून डोळेझाक केल्याचा आरोप विश्वस्तांनी मागं घेतला, तरीही तडजोड ठरली ती १६.२ कोटी डॉलरची.

'वेळेत बाहेर पडला तो हुशार' हा युक्तिवाद तर शंभर वर्षं जुना आहे. चार्ल्स पॉन्झीची योजना १९२० मध्ये बॉस्टनला डबघाईला आली, तेव्हा काहींनी धावपळ करून आपली मुद्दल काढून घेतली. १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना तीसुद्धा परत करायला लावली, कारण सगळेच सारखे फसलेले होते. मी एवढंही मागत नाही. मुद्दल त्यांची त्यांना राहू द्या.

कर भरला असेल तर चलन दाखवा, तेवढी वजावट द्या. 'पैसे खर्च झाले, परत कुठून देऊ' हे मात्र गरीब ठेवीदाराचं उत्तर असू शकतं. व्याजावर दवाखाना भागवलेल्या विधवेच्या दारात कुणी जाऊ नये. म्हणूनच ही मागणी श्रीमंतांपुरती आहे, आणि त्याचं आणखी एक कारण आहे. या योजनांना जाहिरात लागली नाही. "डॉक्टरसाहेबांनी टाकलेत", "मोंढ्यातल्या शेठचे आहेत", एवढ्यावर माणसांनी सोनं मोडलं. त्यांचं नाव बघून लोक आत आले आणि त्याच लोकांच्या पैशातून त्यांना परतावा गेला.

राहिली कंपनीकडून वसुली. ती झालीच पाहिजे. १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्रातला ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. पण जप्ती, लिलाव, वाटप यांत वर्षं जातात आणि मालमत्ता पुष्कळदा आधीच गहाण असते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. बीडच्या ज्ञानराधा पतसंस्थेचे ठेवीदार २०२३ पासून हेच भोगताहेत. वाईट हेतूनं मालमत्ता घेतलेल्यांपर्यंत एमपीआयडी न्यायालय आजही पोचू शकतं. अजाणतेपणी घसघशीत नफा घेतलेल्यांसाठीही स्पष्ट तरतूद हवी: ठरावीक मर्यादेच्या वर, मुद्दल सोडून, जास्तीची रक्कम ठेवीदारांच्या खात्यात जमा. ठेवीदार समित्यांनी आमदारांना द्यायच्या पुढच्या निवेदनात ही मागणी लिहावी, आणि परतावा घेतलेल्यांनी कायद्याची वाट न बघता त्यावर पहिली सही करावी.