विंचवाच्या शोधनिबंधाला किती गुण?

प्राध्यापकपदाच्या निवड समितीवर बसण्याची वेळ माझ्यावर अधूनमधून येते. परवाच्या बैठकीत उमेदवारांचा जो तक्ता समोर आला, त्यात शोधनिबंधांची संख्या, एकूण सायटेशन्स (म्हणजे इतर संशोधकांनी त्या निबंधांचे दिलेले हवाले) आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स असे तीन रकाने होते. शोधनिबंध मात्र एकाही उमेदवाराचा जोडलेला नव्हता. वीस मिनिटांत बेरीज उरकली आणि चहा आला. परतताना मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवत राहिले, कारण या तक्त्यात त्यांना कुठे बसवायचे हेच सुचेना.

लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. बावस्करांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी सुरू केली आणि अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: दरदरून सुटणारा घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि काही तासांत फुप्फुसांत भरणारे पाणी. ही निरीक्षणे 1982 साली 'लॅन्सेट' या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विषामुळे अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली, आणि तो निबंधही 1986 साली 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर दंशातल्या मृत्यूंचे सुमारे 40 टक्के सांगितले जाणारे प्रमाण त्यानंतर 1 टक्क्याच्या आसपास आले.

आता या कामाचा हवाला देणार कोण? आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी रात्री दोन वाजता गोळी देतो, सकाळी मुलाचे हातपाय ऊबदार लागतात, आई त्याला घरी घेऊन जाते. त्या अधिकाऱ्याने या उपचाराची नोंद केसपेपरवर केलेली असते, आणि केसपेपरला संदर्भसूची नसते. विंचूदंशावर लिहिणारे जगात थोडेच, त्यामुळे हवाले देणारेही थोडेच. हृदयरोगतज्ज्ञाच्या निबंधाला मिळणाऱ्या सायटेशन्सशी यांची तुलना करणे म्हणजे भाताचे आणि उसाचे एकरी उत्पन्न एकाच काट्यावर तोलणे.

हे आकडे काढणाऱ्यांचा हेतू मुळात मर्यादित होता. नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती हवाले मिळतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर यूजीन गारफील्ड यांच्या सायटेशन सूचीच्या कामातून आला, तो सूचीत नियतकालिके निवडण्यासाठी. एच-इंडेक्स 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला: किमान वीस वेळा उल्लेखले गेलेले वीस निबंध असले की तो वीस. उल्लेख कौतुकाने झाला की खंडनासाठी, हे त्यात कळत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा निबंध 'लॅन्सेट'ने 2010 साली मागे घेतला, पण त्याला सायटेशन्सची कधी ददात पडली नाही.

तरीही आकडे फेकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. आकडे नव्हते तेव्हा आपल्याकडे वशिल्याचा इंडेक्स चालत असे, आणि तो कुठल्याही तक्त्यात दिसत नसे. माझी तक्रार आकड्यावर थांबण्याविषयी आहे, कारण संशोधकाचा खरा कस निबंध उघडल्यावरच दिसतो. 2011 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली बावस्करांची चाचणी पाहा. सत्तर रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचे प्रतिविष दिले; दहा तासांत प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिनवरचे 8 जण. ज्या गोळीमुळे नाव झाले, ती एकटी कमी पडते हे त्यांनी स्वतः मोजून स्वतःच्या नावाने छापले. हा प्रामाणिकपणा कोणत्या रकान्यात भरायचा?

प्रत्येक उमेदवाराने आपले दोन उत्तम निबंध अर्जासोबत जोडावेत आणि सदस्यांनी ते वाचून यावे, असे मी पुढील बैठकीसाठी लेखी कळवले आहे. विहित नमुन्यात तशी तरतूद नाही, असे उत्तर आले आहे.