मुख्याध्यापकांची सही पुरेशी नाही

शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : शाळेतील मुलांकडून माहिती घ्यायची तर मुख्याध्यापकांची परवानगी पुरते, पालकांची संमती हा कागदी सोपस्कार आहे, मुलांना संशोधन कळत नसल्याने त्यांना विचारण्यात अर्थ नाही, प्रश्नावलीने कोणाला इजा होत नाही, आणि या अटींपायी मुलांच्या प्रश्नांवरचे संशोधनच अडते. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. बाकीचे मुद्दे टिकत नाहीत.

मुख्याध्यापकांच्या सहीने काय होते, हे आपल्याकडे एकदा मोठ्या प्रमाणावर दिसले आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी) देण्याचा प्रकल्प ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने राबवला. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी वसतिगृहांत राहत होत्या. आंध्रातील जी ९,५४३ संमतीपत्रे चौकशीत तपासली गेली, त्यांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, आणि ही लस उपयुक्त आहे याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. परंतु संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१३च्या अहवालात संमतीच्या या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले, ते योग्यच होते. लस चांगली असल्याने आईवडिलांना न विचारणे क्षम्य ठरत नाही. उलट संशय निर्माण झाला तेव्हा ‘आम्ही तुम्हाला सांगितले होते’ असे म्हणण्याची सोयच उरली नाही.

मुख्याध्यापक शाळेचे दार उघडू शकतात. मुलाच्या वतीने होकार देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, त्यांना गाठायचे कसे, असे कोणी विचारील. अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर फोनवर सविस्तर समजावून सांगणे किंवा ते परत येईपर्यंत थांबणे हे आहे. ज्यांना गाठणे कठीण, त्यांच्याच मुलांवर सर्वांत सोयीस्करपणे संशोधन होते, हा योगायोग नव्हे.

‘मुलांना कळत नाही’ हे विधान त्यांना कधी नीट सांगूनच पाहिले नाही, याची कबुली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांचा लेखी होकार मागतात. खरी अडचण वर्गातली आहे. सर फळ्याजवळ उभे असताना ‘ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा’ असे विचारले, तर एकही हात वर होत नाही, आणि त्या शांततेला होकार म्हणून नोंदवणे ही फसवणूक आहे. शिक्षकांना बाहेर थांबायला सांगावे. कोरा कागद परत दिला तरी चालेल, आणि त्याचा गुणांशी संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करावे.

प्रश्नावली निरुपद्रवी असते, हेही सरसकट खरे नाही. घरातील मारहाण, वडिलांचे दारू पिणे, स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयीचा प्रश्न मूल बाकावरच्या शेजाऱ्याच्या नजरेसमोर वाचते, आणि तास संपल्यावर त्याच घरी परतते. नाव लिहून घेतले नाही म्हणजे गोपनीयता राखली, असेही नाही. इयत्ता, तुकडी, लिंग, गाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढी माहिती लहान शाळेतील मूल ओळखण्यास पुरते. शिवाय २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीला ती पोलिसांना कळवावीच लागते. त्यामुळे ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन संशोधकाने देऊच नये. ही मर्यादा मुलाला आधी सांगावी, म्हणजे काय बोलायचे हे ते ठरवू शकेल.

राहिला संशोधन अडण्याचा मुद्दा. जिथे अत्याचार करणारा पालकच आहे, तिथे त्याच्या सहीची अट मुलाचा आवाज बंद करते. रस्त्यावर एकट्या राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर सही कोणाची घ्यायची, हाच प्रश्न असतो. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, तेव्हा त्यांना संशोधनातून वगळणे हाही अन्यायच आहे. अशा प्रसंगी पालकांच्या संमतीची अट शिथिल करण्याची वाट उपलब्ध आहे, मात्र तो निर्णय संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीचा असतो, संशोधकाचा किंवा मार्गदर्शकांचा नव्हे. म्हणून अडचण प्रस्तावात मोकळेपणाने लिहावी, कारणे द्यावीत, मुलाच्या बाजूने कोण उभे राहील आणि गरज पडल्यास समुपदेशन कोठे मिळेल हेही नमूद करावे; समितीचे समाधान झाले नाही, तर आराखडा बदलावा.