कुकरमधल्या डाळीचा फेस म्हणजे युरिक ॲसिड नव्हे

'कुकरमध्ये डाळ शिजवू नका, वर येणारा फेस म्हणजे युरिक ॲसिड, त्यानेच सांधे धरतात' असा व्हिडिओ सध्या घरोघरी फिरतो आहे. माझ्या आईने त्यापायी आठ दिवस वरण बंद केलं, म्हणून हे लिहितेय.

हा दावा चुकीचा आहे. डाळीत सॅपोनिन नावाचं, साबणासारखं फेसाळणारं द्रव्य असतं. रिठ्यालाही फेस येतो तो त्यामुळेच. सॅपोनिन, प्रथिनं आणि थोडा स्टार्च मिळून तो पांढरट फेस होतो. उघड्या पातेल्यात डाळ उकळून बघा, तिथेही तो येतोच. युरिक ॲसिड आपल्या शरीरात तयार होतं, अन्नात आणि आपल्या पेशींत असणाऱ्या प्युरिन नावाच्या द्रव्यापासून. डाळीत प्युरिन असतं, पण ते फेसात साठून राहत नाही. म्हणून फेस काढला तरी युरिक ॲसिड काही कमी होत नाही. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचा आजार असेल, तर डाळ किती खायची ते डॉक्टरांनाच विचारा.

उलट, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024च्या आहार मार्गदर्शिकेत डाळी उकडणं किंवा कुकरला शिजवणं हीच चांगली पद्धत सांगितली आहे. पचनाला अडथळा आणणारे घटक त्या उष्णतेने निकामी होतात.

फेसाची खरी काळजी वेगळीच आहे. तो शिट्टीच्या नळीत अडकतो. तेव्हा डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला आणि शिट्टी काढून नळीतून उजेड दिसतो का ते रोज बघा.