चूक मनगटाची

"साहेब, पट्टा नाही हो लहान झाला. हात वाढला तुमचा."

सीताबर्डीतल्या एका घड्याळाच्या दुकानात, शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत मला हे ऐकवण्यात आलं. बाजूला उभ्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. ऐकवणारा जेमतेम बावीस वर्षांचा, आणि त्याच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नव्हतं!

घड्याळ अकरा वर्षांपूर्वीचं. घेतलं तेव्हा स्टीलच्या चेनच्या तीन कड्या काढून इवल्याशा प्लास्टिकच्या पुडीत दिल्या होत्या. "जपून ठेवा." जपूनच ठेवल्या. कुठे, ते विचारू नका. आता नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस अंश, माणूस नखशिखान्त फुगलेला. दुपारपर्यंत मनगटावर चेनचा ठसा उमटतो आणि काढताना चार केस तरी कडीसोबत येतात. नव्या कड्या मिळत नाहीत म्हणे. चेन काढून चामड्याचा पट्टा लावा. पट्ट्याचे पैसे वेगळे, लावायचे वेगळे. तिथे माझं डोकं फिरलं. नुसता वीस मिलिमीटरचा पट्टा घेतला आणि तडक घरी आलो.

काम सोपं असतं. घड्याळाला वर-खाली दोन-दोन शिंगं असतात. त्यांच्या मधोमध एक बारीक नळी (तिलाच पिन म्हणतात), आत स्प्रिंग, दोन्ही टोकं शिंगांच्या भोकांत अडकलेली. एक टोक आत दाबलं की पट्टा सुटतो. व्हिडिओतल्या माणसाने चार सेकंदांत केलं. त्याच्याकडे त्याचं खास टोकदार हत्यार होतं. माझ्याकडे सेफ्टी पिन आणि चष्म्याचा पेचकस.

रविवारी सकाळी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि नेमके तेव्हाच वरचे काका पेपर न्यायला आले.

"काऊन गा, काय करून राहिला?"

"काही नाही काका, चेन काढतोय."

"हात्तिच्या! थांब, मी सांगतो."

पेपर काखेत तसाच. खुर्ची ओढली ती थेट कूलरसमोर. म्हणजे हवा काकांना, घाम मला. मग चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी घड्याळ नाकाजवळ धरलं, कानाशी नेलं, हलवलं.

"सेलवालं हाय वाट्टे?"

"हो."

"मंग त्यात काय हाय! आमची एचएमटी पाह्य. चावीची. बंगलोरच्या कारखान्यातली, जपानच्या सिटिझनशी करार होता त्यायचा, एकसष्ट साली. लग्नात सासऱ्यानं देल्ली. आजवर चेन काढाची पाळी नाही आली मले."

"कशी आली नाही?"

"चामड्याचा पट्टा होता ना बाप्पा."

यावर काय बोलणार? मी पेचकस लावला. काका टॉर्च धरणार होते. धरला तो सरळ माझ्या डोळ्यांत. "डावीकडून दाब. तुह्या डाव्या नाही, घड्याळीच्या डाव्या." घड्याळाला डावी बाजू असते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मध्येच १९८७ साली टायटन बाजारात आल्यावर कोणी कोणी चावीची घड्याळं टाकून दिली याची यादी झाली. यादीतला एक जण वारल्यामुळे दोन मिनिटं शांतताही पाळली गेली. त्या शांततेत पेचकस सटकला आणि बारा ते सहा असा सरळ ओरखडा घड्याळाच्या केसवर उठला.

"गेली पालिश," काका समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या खेपेला पिन दबली. 'टिक्' असा आवाज आला, माझ्या गालाजवळून काहीतरी सूं करून गेलं आणि कूलरच्या जाळीवर टण्णकन वाजलं.

"हालू नोको!" काका ओरडले आणि स्वतः उठले.

पुढचा पाऊण तास आम्ही दोघे गुडघ्यांवर. तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची ती नळी. सापडलं काय? एक रुपयाचं नाणं, बायकोच्या कानातल्याचा मळसूत्राचा पेच (त्याबद्दल मागच्या दिवाळीत मी ऐकून घेतलं होतं) आणि सुपारीची दोन खांडं. पिन नाही. बायकोने दारातून पाहिलं आणि विचारलं, "दीडशे रुपये मागत होता ना तो?" बस्स, तेवढंच. मला तेही नको होतं.

काका घाम पुसत बसले. मग सहज, अगदी सहज, त्यांनी माझ्या चेनचं बक्कल उघडलं. "ह्या भोकायचं काय करतं तू?"

"कुठली भोकं?"

बक्कलच्या कडेला ओळीने चार भोकं होती. पिन दाबून एका भोकातून पुढच्यात सरकवली की चेन सैल होते. सेफ्टी पिनने होतं. मनगटाला हवा होता तेवढा सगळा ढिलेपणा तिथे अकरा वर्षं बसून होता.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माह्या जावयाच्या घड्याळीले हायत ना."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू म्हनला चेन काढाची हाय. मले वाटलं, काढाचीच हाय." आणि ते पेपर घेऊन गेले. पुरवणीसकट.

घड्याळ सध्या वाटीत आहे. चेन एका बाजूने लोंबतेय, आणि कूलर काल रात्रीपासून मधूनच खर्रर्र करतोय. उद्या पिन आणायला बाहेर पडावंच लागेल. सीताबर्डीला नाही. इतवारीत जाईन. तिथे मला बारीक असताना कोणी पाहिलेलं नाही.